संग्रहित छायाचित्र

मी विजेच्या गाड्यांवर लिहिते. मराठीत, एका वेबसाइटसाठी, नवी मुंबईत महाप्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर बसून. हे काम मला चांगलं येतं, ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात मी फारशी चांगली दिसणार नाही.

सकाळी मेल उघडली की कंपन्यांची पत्रकं रांगेत उभी असतात. प्रत्येक गाडी क्रांतिकारी, प्रत्येक बॅटरी खास भारतीय रस्त्यांसाठी, आणि प्रत्येक चार्जर तुमचा चहा पिऊन होईपर्यंत गाडी भरून देणारा. बरेच जण हे सगळं जसंच्या तसं मराठीत ओततात आणि दहा मिनिटांत मोकळे होतात. मी ‘क्रांतिकारी’ कापते, ‘कंपनीचा दावा’ हे दोन शब्द घालते आणि फोन लावते. जी गाडी मी स्वतः बसून पाहिली नाही, ती एका चार्जिंगमध्ये किती जाते हे मी माझ्या नावाखाली लिहीत नाही. त्यासाठी मी शीळच्या चढावर भर उन्हात बंद पडलेल्या स्कूटरला ढकललेलं आहे. विजेवर चालणारे ट्रेलर बघायला न्हावा शेव्याला गेले, तर तिथला ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, सब बढ़िया है, पर आवाज नहीं आती तो नींद आती है.” पत्रकात हे कुठेच नव्हतं. माझ्या बातमीत ते दुसऱ्या परिच्छेदात होतं.

वाचक मात्र एकाच गोष्टीवर अडून बसलेले. मी बॅटरीच्या वॉरंटीवर लिहू दे नाहीतर सोसायट्यांमधल्या चार्जिंग पॉइंटवर, खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “आग लागते का?” एक गृहस्थ रोज “आमची बैलगाडी बरी” असं लिहायचे. ते नाशिकचे असावेत असा माझा उगाच समज होता. आगीची बातमी आली की मात्र सगळे धावत यायचे. महिनाभर मेहनत केलेला लेख जेवढा वाचला जात नाही तेवढी कुठल्या तरी गोदामातली जळकी स्कूटर तासाभरात वाचली जाते. याचा मला राग यायचा आणि मी तो ऑफिसात मोठ्यानं बोलून दाखवायचे. आमचे संपादक माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते म्हणायचे, “ताई, चूल पेटली तरच माणसं स्वयंपाकघरात डोकावतात.” मुलगा हुशार होता, पण त्याच्या असल्या वाक्यांनी डोकं उठायचं.

त्या रागातूनच मी मासळीवाल्या मावशींचा लेख केला. आगीशिवाय, अपघाताशिवाय, साधा चांगला लेख.

मावशी शिरवणे गावच्या. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन त्यांनी नेरूळच्या सोसायट्यांमध्ये मासळी विकली. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा त्यांनी विजेवरची तीनचाकी घेतली, मालवाहू, मागे उघडी पेटी असलेली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर गावातल्या मैदानात ती चालवायला शिकल्या. पहाटे दिवाळे गावच्या जेट्टीवरून माल उचलायचा, बर्फात भरायचा आणि नऊपर्यंत पहिल्या सोसायटीत पोचायचं. सर्वांत मोठी सोसायटी चार इमारतींची होती. तिथे गाडी आत घेऊ द्यायचे आणि वॉचमनच्या केबिनमागे चार्जिंगला लावू द्यायचे. तिथली विक्री होईपर्यंत गाडीच्या पोटात पुन्हा वीज यायची आणि मग मावशी उरलेला माल घेऊन दुसऱ्या दोन सोसायट्या करायच्या. त्या केबिनमागच्या बोर्डावर त्यांचा अर्धा धंदा उभा होता.

मी एक अख्खी सकाळ त्यांच्या शेजारी बसून फिरले. “बस गो, पन पाय वर घे. खाली पानी हाय,” असं त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. ते मी ऐकलं नाही, आणि घरी येईपर्यंत माझ्या चपलांना करंदीचा वास येत होता. वाटेत मी कागद काढून पूल चढताना बॅटरी किती उतरते ते लिहीत होते. मावशी हसायला लागल्या. “मना नाय लागत कागद. ही खारघरच्या बाजूला गेली की दमते, माज्यावानीच.” कंपनीचा आकडा मालाशिवाय सपाट रस्त्यावरचा होता. बर्फ, पाणी आणि मासळी भरल्यावर ती गाडी किती जाते हे मी लेखात नीट मांडलं, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे.

फोटोही मीच काढला. सोसायटीच्या आवारात मावशींनी थर्माकोलच्या पेटीचं झाकण उचललं आणि दमट हवेत बर्फाची वाफ भसकन वर आली. मागून कोवळं ऊन. पोपटी रंगाची गाडी, पांढरी वाफ, आणि एक हात पेटीत घालून हसणाऱ्या मावशी. माझ्या आयुष्यात एवढा चांगला फोटो मी दुसरा काढलेला नाही. लेख चालला. मावशींनी तो शेजारणीकडून वाचून घेतला आणि मला फोन करून सांगितलं, “जिताडा आला की तुला ठेवीन.”

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, श्रावण आणि गणपती आटोपून लोक मासळीवर तुटून पडतात त्या दिवसांत, एका दुपारी परराज्यातून वृत्तसंस्थेची बातमी आली. विजेवरच्या मालवाहू तीनचाकीला चार्जिंगच्या वेळी आग. जीवितहानी नाही. फोटो नाही.

आमच्या धंद्यात फोटोशिवाय बातमी सुटत नाही, पान ती घेतच नाही. मग साठ्यातला एखादा फोटो लावायचा आणि खाली बारीक करड्या अक्षरांत लिहायचं, ‘संग्रहित छायाचित्र’. म्हणजे हा फोटो त्या घटनेचा नाही, समजून घ्या. आम्ही सगळे हे वर्षानुवर्षं करत आलो आहोत. मीठ घालावं तितक्या सवयीनं करतो.

संपादक म्हणाले, “ताई, तुमचा विषय आहे, पटकन सोडता का?” एका दुसऱ्या साइटनं तोवर बातमी टाकली होती आणि फोटो स्कूटरचा लावला होता. मला हसू आलं. तीनचाकीच्या बातमीला स्कूटर! या लोकांना गाड्यांमधला फरक तरी कळतो का? मी साठ्यात ‘मालवाहू तीनचाकी’ शोधलं आणि पहिलाच फोटो माझा आला. तोच वर्ग, तोच आकार. मी मावशींचा चेहरा कापला, कारण बाईचा चेहरा आगीच्या बातमीला लावणं बरं नव्हे, एवढं मला कळत होतं. उरली पोपटी गाडी आणि वर चढणारी पांढरी वाफ. खाली ‘संग्रहित छायाचित्र’ टाकलं आणि बातमी सोडली. अचूक फोटो लावल्याचं समाधान घेऊन मी चहाला गेले. एखाद्या नवख्यानं ही चूक केली नसती. त्यानं गपचूप स्कूटर लावली असती.

चौथ्या दिवशी मावशींचा फोन आला. मला वाटलं, जिताडा आला.

“बाय, माजी गाडी कदी जलली गो?”

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आमची बातमी टाकली होती. मोबाइलवर अशी लिंक पाठवली की मथळा आणि फोटो एवढंच दिसतं. खालची करडी अक्षरं प्रवासाला निघतच नाहीत. मथळा होता, चार्जिंगच्या वेळी तीनचाकीला आग. फोटोत त्यांची रोजची पोपटी गाडी, आणि तिच्यातून धूर. त्या आवारातल्या प्रत्येक माणसानं ती गाडी ओळखली. दुसऱ्या सकाळी वॉचमननं गेट उघडलं नाही. सेक्रेटरींचा निरोप होता, गाडी आत नाही आणि चार्जिंग तर नाहीच. बाकीच्या दोन सोसायट्यांनी हे ऐकून आपापली गेटं लावून घेतली. मावशी तीन दिवस बाहेर फुटपाथला थांबल्या. पाच-सहा बायका आल्या, तेवढ्याच. चार्जिंग नाही म्हणून दुसरी फेरी नाही. बर्फ विरघळला आणि माल गावात वाटून टाकावा लागला.

मी पहिलं काय म्हणाले असेन? “मावशी, पण खाली संग्रहित लिहिलंय.”

“खाली काय लिवलंय ते कोन वाचतंय? फोटो बघतान आनि पुढं धाडतान,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाल्या, “पाटी घेऊन परत चालायचं तर गुडघे नाय ऱ्हायले, बाय. गाडीच हाय मना.”

फोन ठेवल्यावर मी तो फोटो मोबाइलवर, लोक बघतात तसा लहानसा करून बघितला. धूरच होता तो. मीसुद्धा धूरच म्हटलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी खुर्चीतून उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

परत आले आणि संपादकांना सांगितलं. ते कामाचे गृहस्थ. दोन मिनिटांत फोटो बदलला. “झालं. विषय संपला.” हीसुद्धा आमची एक रीत. चूक गुपचूप दुरुस्त करायची आणि पाण्यावर रेघ पडलीच नव्हती असं वागायचं. मी म्हटलं, बातमीच्या वर दुरुस्ती टाकायची, आधीचा फोटो कुणाच्या गाडीचा होता आणि त्या गाडीला काही झालेलं नाही ते सांगायचं. ते म्हणाले, वर दुरुस्ती बघितली की वाचकाचा विश्वास उडतो. मी म्हटलं, उडू दे, तो माझ्यावरचा आहे. बरीच वादावादी झाली. त्यात मी त्यांना चुलीवरून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी दोन ओळी मिळाल्या. त्या मी नीट लिहिल्या, सेक्रेटरींचा नंबर मिळवून त्यांना लिंक पाठवली आणि मावशींना कळवलं.

दोन दिवस गेले. गेट बंदच. सेक्रेटरींनी लिंक उघडली होती की नाही, देव जाणे. आगीची बातमी ज्यांनी ज्यांनी फिरवली होती त्यांतल्या एकानंही दुरुस्ती फिरवली नाही. कोण फिरवणार? आग लागली नाही, ही काय बातमी आहे?

मी मावशींना फोन करून म्हटलं, आता मोठा लेख लिहिते, अफवा कशी पसरते त्यावर, तुमची बाजू घेऊन.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुजं सगलं मोबाइलात हाय. गेट मोबाइलात नाय. रविवारी तू ये.”

रविवारी साडेआठलाच मी गेटवर होते. मावशी आधीच आल्या होत्या. गाडी भरलेली: पापलेट, मांदेली, कोलंबी. त्यांनी आज नेहमीपेक्षा जास्त माल उचलला होता. गेट उघडलं नाही तर तो सगळा फुकट जाणार होता. वॉचमन ओशाळून म्हणाला, “मावशी, मी काय करू? ऑर्डर आहे.” मी त्याला सेक्रेटरींना खाली बोलवायला सांगितलं.

ते आले. साठीचे, नीट विंचरलेले केस, हातात दुधाच्या पिशव्या. त्यांच्या मागोमाग कठड्यावर बसलेले चार-पाच जण आले आणि बाल्कन्यांतून डोकी दिसू लागली. मी ओळख सांगितली आणि लगेच सुरू झाले. बॅटरीत किती प्रकारची रसायनं असतात, या गाडीत कुठलं आहे, ते कसं सुरक्षित, आग लागण्याची कारणं काय काय. मला हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. लोक ऐकत होते. म्हणजे माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरींनी दुधाच्या पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

मावशींनी मला कोपरानं ढोसलं. “भाषन नको देऊ. काय केलं ते सांग.”

मग मी सांगितलं. ती आग परराज्यातली. ती गाडी मी पाहिलेलीसुद्धा नाही. फोटो या गाडीचा, मी काढलेला, तुमच्याच आवारात, ही बर्फाची वाफ आहे. तो आगीच्या बातमीला मी लावला. चूक माझी. यांच्या गाडीला काडीचंही काही झालेलं नाही. मी मूळ फोटो मोबाइलवर मोठा करून फिरवला. त्यात मावशी हसत होत्या आणि मागे सोसायटीचाच झोपाळा दिसत होता.

“म्हणजे तुम्ही न बघता छापलं?” सेक्रेटरी म्हणाले.

“बघून छापलं. विचार न करता.”

त्यांनी दुधाच्या पिशव्या वॉचमनच्या हाती दिल्या. मग म्हणाले, “हे बघा मॅडम, माझं मावशींशी काही भांडण नाही. खाली मुलं खेळतात. उद्या काही झालं तर सगळे मला धरणार. वायरचं काय? बोर्डचं काय?” हा प्रश्न रास्त होता, आणि इतक्या दिवसांत तो कुणी विचारलाच नव्हता. मी त्यांना केबिनमागे नेलं. अर्थिंग आहे, जाड वायर आहे, चार्जिंग पूर्ण झाल्यावर ते आपोआप बंद होतं, सगळं दाखवलं. या वेळी मोजकंच बोलले. त्यांनी स्वतः प्लग हातात घेऊन बघितला. “लेखी द्याल?” त्यांनी विचारलं.

मी वॉचमनच्या वहीतला कागद फाडला आणि केबिनच्या खिडकीवर टेकवून लिहिलं. या सोसायटीत येणाऱ्या मासळीच्या गाडीला कधीही आग लागलेली नाही. आगीच्या बातमीत तिचा फोटो मी लावला, ती माझी चूक होती. खाली सही, नाव, फोन नंबर. सेक्रेटरींनी तो नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावला. लोक जवळ गेले आणि वाचायला लागले. एक आजोबा तर ओठ हलवत, एकेक अक्षर. एवढी वर्षं लिहितेय, पण माझं लिहिलेलं कुणी माझ्यासमोर उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

गेट उघडलं. मावशींनी गाडी आत घेतली, नेहमीच्या जागी उभी केली, झाकण उचललं. वाफ वर आली तशी दोन माणसं नकळत मागे सरली. कुणी पुढे होईना. बोर्ड वाचलाय, सेक्रेटरींना पटलंय, तरी पाय उचलत नव्हते.

मला ते सहन होईना. मी पिशवी काढली आणि पुढे झाले. “मावशी, ती दोन पापलेटं द्या.”

“तू नको,” त्या म्हणाल्या.

मला ऐकू आलं नाही असं वाटून मी हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. “भवानी तुज्या हातची नाय घेनार मी.”

दिवसाची पहिली विक्री कुणाच्या हातची झाली त्यावर दिवस जातो, ही मासळीवाल्यांची श्रद्धा मला ठाऊक होती. पण एवढ्या लोकांसमोर असं हाताला धरून बाजूला व्हायची सवय नव्हती. माझे कान तापले. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “तू माज्या गाडीला भीत नाय. तुजी भवानी काय कामाची? भितोय त्याचा हात लागू दे पयला.” आणि पेटीतला बर्फ सारखा करत पुढे म्हणाल्या, “आनि मनात राग पन हाय अजून. खोटं नाय बोलनार.”

मी बाजूला जाऊन झोपाळ्याच्या खांबाला टेकून उभी राहिले.

बराच वेळ कुणीच आलं नाही. मग तिसऱ्या इमारतीतून एक बाई खाली आल्या. घरातल्याच गाऊनवर ओढणी, हातात स्टीलचं पातेलं. गाडीपासून दोन हात लांब थांबल्या आणि म्हणाल्या, “मावशी, ग्रुपवर मीच टाकली होती ती बातमी. वर ‘काळजी घ्या’ असं लिहून.” त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मावशींनी हात पेटीत घातला. मांदेलीचा वाटा उचलला आणि हात लांब केला नाही, तसाच पेटीवर धरून ठेवला. त्या बाईंना ते दोन हात चालून गाडीला टेकावंच लागलं. पातेल्यात मासळी पडली. मिळालेली नोट मावशींनी कपाळाला लावली.

मग आजोबा आले. मग दोघी बहिणी. मग सेक्रेटरींच्या घरून निरोप आला, कोलंबी ठेवा. अर्ध्या तासात गाडीभोवती इतकी गर्दी झाली की मला मावशी दिसेनाशा झाल्या, फक्त आवाज ऐकू येत होता, कुणाला काटा काढून पाहिजे, कुणाचं पापलेट कुठे गेलं. वॉचमननं कुणी न सांगता वायर ओढून गाडीला लावली.

साडेअकराला गर्दी पांगली आणि मी पिशवी घेऊन गेले. पेट्यांमध्ये नुसतं पाणी होतं. दुसऱ्या फेरीचा मालसुद्धा इथेच संपला होता.

“तुला काय नाय उरलं गो,” मावशी म्हणाल्या, आणि हात पुसता पुसता मोठ्यानं हसल्या.

मीही हसले. रिकामी पिशवी घेऊन घरी आले, आणि रविवार असूनही आमच्याकडे डाळ-भात झाला.